चित्राखालची ओळ

वृत्तपत्र हाती घेतले की वाचकाची दृष्टी प्रथम छायाचित्राकडे जाते, आणि तेथून ती खाली उतरते ती चित्राखाली बारीक टाइपात छापलेल्या एक-दोन ओळींवर. अग्रलेख न वाचणारे वाचक पुष्कळ असतात. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत न पोहोचणारे त्याहूनही अधिक. परंतु चित्राखालची ओळ न वाचता पान उलटणारा वाचक विरळाच. वृत्तपत्राच्या कचेरीत या मजकुराला ‘फोटोओळ’ म्हणतात. ‘कॅप्शन’ हा शब्दही तेथे रूढ आहे. या पाठात तिला चित्रओळ म्हटले आहे.

इतकी वाचली जाणारी ही ओळ शाळेच्या वार्षिकात किंवा भित्तिपत्रकात मात्र सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने लिहिली जाते. लेख तपासून झालेले असतात, कविता निवडून झालेल्या असतात, मुखपृष्ठ ठरलेले असते, छापखान्याचा माणूस दाराशी येऊन उभा राहतो, आणि मग संपादक मंडळातील कोणीतरी ओरडते, “अरे, फोटोंखाली लिहायचे राहिलेच की!” मग जे सुचेल ते लिहिले जाते: ‘वृक्षारोपण करताना मान्यवर व इतर.’

या ओळीत व्याकरणाची चूक नाही. शब्दही शुद्ध आहेत. तरीही ती ओळ वाचून वाचकाच्या ज्ञानात तिळमात्र भर पडत नाही. रोप लावले जात आहे, हे त्याला चित्रात दिसतच होते. रोप लावणारे कोण, हे त्याला हवे होते; ते ओळीने सांगितले नाही. आणि ‘इतर’ या शब्दाने तर चित्रातील निम्म्या माणसांना चित्रातून उचलून बाहेर ठेवले.

चांगली चित्रओळ लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम लेखणी खाली ठेवावी आणि चित्र नीट पाहावे. हे सांगणे सोपे वाटते; परंतु माणूस पुष्कळदा चित्रात जे आहे ते पाहत नाही, तर जे असेल असे त्याला वाटते ते पाहतो. महात्मा गांधी आणि चरखा यांचे एक जगप्रसिद्ध छायाचित्र आहे. अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ते १९४६ साली घेतले. या चित्रात काय चालले आहे असे विचारले, तर बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता सांगतात, ‘गांधीजी सूत कातत आहेत.’ चित्र पुन्हा पाहावे. चरखा अगदी पुढे आहे, खरा. परंतु गांधीजी त्याच्या मागे बसले आहेत, त्यांच्या हातात कागद आहेत आणि नजर त्या कागदांवर खिळलेली आहे. गांधीजी वाचत आहेत. कातून झाल्यावर ते कात्रणे वाचीत होते, अशीच नोंद बर्क-व्हाइट यांनी केली होती. चित्र घेण्यापूर्वी त्यांनी चरखा चालवावयास शिकावे, असा आग्रह गांधीजींच्या चिटणिसांनी धरला होता आणि तो त्यांना मानावा लागला होता. कातणे म्हणजे काय हे हातांनी जाणणाऱ्या त्या बाईंनी ‘कातताना’ असे लिहिले नाही. लिहिले ते न कातणाऱ्यांनी आणि न पाहणाऱ्यांनी.

चित्र पाहून झाले की प्रश्न सुरू होतात. बातमीदारीत सहा प्रश्न प्रसिद्ध आहेत: कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे. यांपैकी ‘काय’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर चित्र स्वतःच देते. बाकीच्या प्रश्नांबाबत ते जवळजवळ मुके असते. चेहरा दाखवील, नाव सांगणार नाही; मैदान दाखवील, गाव सांगणार नाही; ऊन दाखवील, तारीख सांगणार नाही. जे चित्राला बोलता येत नाही तेवढेच बोलणे, हे चित्रओळीचे काम होय.

या सहा प्रश्नांत ‘कोण’ हा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर त्याच वेळी टिपून घेतले नाही तर पुढे काय होते, याची एक विलक्षण हकीकत दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात आहे.

जपानच्या दक्षिणेस, पॅसिफिक महासागरात इवो जिमा नावाचे एक लहानसे बेट आहे. १९४५ च्या फेब्रुवारीत या बेटासाठी अमेरिकन व जपानी सैन्यांत घनघोर लढाई चालली होती. २३ फेब्रुवारी रोजी अमेरिकेच्या मरीन दलाचे सैनिक तेथील सुरिबाची पर्वताच्या माथ्यावर पोहोचले. त्यांनी सकाळी एक लहान ध्वज उभारला. तो दुरून नीट दिसेना, म्हणून काही वेळाने त्याच्या जागी मोठा ध्वज लावण्याचे ठरले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार जो रोझेंथाल हे तेवढ्यात वर येऊन पोहोचले होते. ते उंचीने ठेंगणे. म्हणून दगड व वाळूची पोती रचून ते त्यांवर उभे राहिले. सहा सैनिक एक जड नळी उचलून ध्वज उभा करू लागले आणि रोझेंथाल यांनी कॅमेऱ्याची कळ दाबली. सारा प्रसंग काही क्षणांचा. चित्रपेटी ग्वाम बेटावर पाठविली गेली, तेथे चित्र धुतले गेले आणि थोड्याच दिवसांत ते अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकले. त्या वर्षीचे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले.

त्या सहा सैनिकांपैकी बहुतेकांचे चेहरे चित्रात दिसतच नाहीत. कोणाची पाठ, कोणाचे शिरस्त्राण, कोणाचे केवळ हात. आणि त्यांची नावे रोझेंथाल यांना टिपता आली नव्हती. याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. भोवती लढाई चालू असता वही काढून नावे विचारणे हे बोलण्याइतके सोपे नाही. परंतु त्या न लिहिलेल्या सहा नावांची किंमत पुढे कितीतरी माणसांनी मोजली.

चित्र गाजल्यावर सरकारने नावांचा शोध केला. तोपर्यंत त्या सहांपैकी तिघे त्याच बेटावर कामी आले होते. वाचलेल्यांना विचारून सहा नावे जाहीर करण्यात आली. ध्वजदंडाच्या अगदी पायाशी वाकलेला सैनिक हेन्री हॅन्सन आहे, असे सांगण्यात आले. टेक्सास प्रांतात एका आईने मात्र वर्तमानपत्रातील ते चित्र प्रथम पाहिले तेव्हाच ओळखले होते, की ती पाठ आपल्या हार्लनची आहे. नाव कोठेही छापलेले नव्हते, तोंड दिसत नव्हते. तरी बेल ब्लॉक या माउलीचा निश्चय ढळला नाही. तिचा मुलगा हार्लन ब्लॉक हा इवो जिमावरच मारला गेला होता. सहांपैकी एक असलेल्या आयरा हेझ या सैनिकाला खरी गोष्ट ठाऊक होती. त्याने ती वरिष्ठांच्या कानी घातलीही. परंतु नावे जाहीर झाली आहेत, आता गप्प राहावे, असे त्याला सांगण्यात आले. युद्ध संपल्यावर १९४६ साली हेझ वाटेतील वाहनांना हात करीत टेक्सासला गेला आणि हार्लनच्या वडिलांना भेटून त्याने सत्य सांगितले. चौकशी झाली. जानेवारी १९४७ मध्ये हॅन्सनचे नाव काढून तेथे हार्लन ब्लॉकचे नाव घालण्यात आले. ज्या आईचा मुलगा चित्रात होता तिला तो दोन वर्षांनी मिळाला. आणि जी आई दोन वर्षे त्या पाठीकडे आपला मुलगा म्हणून पाहत होती, तिच्याकडून तो काढून घेतला गेला.

येथे ही हकीकत संपावयास हवी होती. ती संपली नाही. सहांपैकी एक म्हणून जॉन ब्रॅडली यांचे नाव सर्वत्र घेतले जात असे. त्यांच्या मुलाने २००० साली या सहा जणांवर एक ग्रंथ लिहिला आणि २००६ साली त्यावर चित्रपटही निघाला. पुढे काही हौशी अभ्यासकांनी त्या दिवशीची सर्व छायाचित्रे समोर ठेवून कोणाच्या कमरेला कोणता पट्टा आहे, कोणाचे शिरस्त्राण कसे आहे, विजारीचे टोक कसे दुमडलेले आहे, हे ताडून पाहिले. २०१६ साली मरीन दलाने मान्य केले की चित्रात ब्रॅडली नाहीत. त्यांच्याऐवजी सहांत हॅरोल्ड शुल्ट्झ आहेत. ब्रॅडली यांचा संबंध सकाळच्या पहिल्या ध्वजाशी होता. २०१९ मध्ये आणखी एक नाव बदलले: रेने गॅग्नन यांच्या जागी हॅरोल्ड केलर. गॅग्नन यांनी मोठा ध्वज डोंगरावर आणला होता, पण चित्रातील माणूस ते नव्हते. तोपर्यंत केलर यांना जाऊन चाळीस वर्षे झाली होती आणि शुल्ट्झ यांना चोवीस. एका चित्राखालची ओळ दुरुस्त होण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

नाव विचारण्यास सवड नसणे ही एक गोष्ट. सवड असून न विचारणे ही दुसरी. १९३६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात निपोमो या गावी वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. पीक हवामानाने बुडाले होते आणि मजुरांवर उपासमारीची पाळी आली होती. सरकारी कामासाठी हिंडणाऱ्या डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने तेथे एका मातेची काही चित्रे घेतली. दोन मुलांनी आईच्या खांद्यांवर माना टेकून तोंडे फिरवली आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे, आणि ती स्वतः गालाशी हात नेऊन दूर कोठेतरी पाहत आहे. गरिबीचे इतके बोलके चित्र क्वचितच निघाले असेल. लँग या एरवी अत्यंत काळजीपूर्वक टिपणे ठेवीत. लोकांच्या तोंडचे शब्दही त्या जसेच्या तसे उतरवून घेत. या वेळी मात्र त्यांनी बाईंचे वय लिहिले, बत्तीस, मुले लिहिली, सात, गाव लिहिले. नाव तेवढे विचारले नाही. चित्र वृत्तपत्रात आले आणि तळावरील भुकेल्यांसाठी सरकारने अन्न धाडले. पण तोपर्यंत ती माता मुलांना घेऊन पुढच्या गावी गेली होती.

चाळीस वर्षांहून अधिक काळ ती बाई जगाला ‘स्थलांतरित माता’ म्हणून ठाऊक होती. १९७८ साली एका वार्ताहराने तिचा शोध लावला. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन. त्या चित्राचा तिला अभिमान वाटत नव्हता, रागच होता. आपले नाव विचारले नाही आणि चित्राची प्रतही पाठविली नाही, ही तिची तक्रार होती. लँग यांच्या कथनात कुटुंबाने पोटासाठी मोटारीचे टायर विकल्याचे आले आहे; तसे काही घडलेच नव्हते, असे कुटुंबातील मंडळी सांगत. लँग यांची सहृदयता खरी होती आणि चित्रही खरे होते. परंतु चित्रातील व्यक्तीची बाजू लिहिण्याची जागा चित्राखालची ओळ हीच असते, आणि ती जागा रिकामी राहिली होती.

शाळेच्या वृक्षारोपणाचे चित्र या दोन चित्रांपुढे क्षुल्लक वाटेल. पण त्यातील ‘इतर’ कोण होते, हे कोणी जाऊन विचारले असते तर? समजा, विचारणाऱ्या विद्यार्थिनीला असे कळले की उजवीकडे पहार घेऊन उभे असलेले शाळेचे शिपाई आहेत. पावसाळ्यापूर्वी आठवडाभर खपून सर्व खड्डे त्यांनी खणले आहेत. पाहुण्यांच्या शेजारी झारी धरून उभी असलेली मुले सातवीच्या वर्गातील आहेत आणि गेल्या वर्षीची रोपे पाण्याअभावी वाळली म्हणून त्यांनी या वर्षी पाणी घालण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. मग ओळ अशी होईल: ‘शाळेच्या विहिरीजवळ कडुनिंबाचे रोप लावताना’ — येथे पाहुण्यांचे पूर्ण नाव व हुद्दा. ‘उजवीकडे पहार घेतलेले’ — येथे शिपायांचे पूर्ण नाव. ‘या वर्षीचे सर्व खड्डे त्यांनी खणले. गतवर्षीची रोपे पाण्याअभावी वाळल्यामुळे सातवीच्या विद्यार्थ्यांनी यंदा पाण्याच्या पाळ्या ठरविल्या आहेत.’ चित्र तेच. परंतु वाचक आता पहारीकडे पाहील, झारीकडे पाहील आणि चित्र पुन्हा एकदा नव्याने पाहील.

नावाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. नाव ज्याचे त्याने सांगितले तसेच लिहावे. ऐकून अंदाजाने लिहू नये. कोणी ‘कुलकर्णी’ लिहितात, कोणी ‘कुळकर्णी’. कोणी ‘सोनवणे’, तर कोणी ‘सोनावणे’. ज्याचे नाव असेल त्याच्याच हातून ते वहीत लिहवून घेणे, हा उत्तम उपाय. लहान मुलाला ‘आडनाव काय रे तुझे?’ म्हणून विचारणारे विद्यार्थी-बातमीदार मोठ्या पाहुण्यांपुढे संकोचतात आणि निमंत्रणपत्रिकेवरून नाव उतरवून घेतात. निमंत्रणपत्रिकेत चुका असतात. ‘काका, तुमचे नाव कसे लिहू?’ असे विचारल्याने आजवर कोणताही पाहुणा रागावलेला नाही. चुकीचे नाव छापल्याने मात्र पुष्कळ रागावले आहेत.

माणसे अनेक असतील तर ‘डावीकडून’ असे म्हणून क्रमाने नावे द्यावीत. ही डावी बाजू वाचकाची, चित्रातील माणसाची नव्हे. चित्र उलटे छापले गेले असेल तर सारीच नावे फिरतात, म्हणून कोणाच्या हातातील घड्याळ, सदऱ्याच्या गुंड्या, फलकावरील अक्षरे यांवरून चित्र सुलटे असल्याची खात्री करून घ्यावी. अमेरिकेतील बिली द किड या गुन्हेगाराचे एक जुने धातूच्या पत्र्यावरील चित्र आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटे उतरले होते. तेवढ्यावरून तो डावखुरा होता असे लोक अनेक वर्षे समजत, आणि १९५८ साली त्याला डावखुरा म्हणणाऱ्या नावाचा चित्रपटही निघाला!

‘कोठे’ या प्रश्नाला केवळ गावाचे नाव हे उत्तर पुरत नाही. महाराष्ट्रात पिंपळगावे आणि वडगावे किती आहेत, याची गणना करणे कठीण. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत निराळे, पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ निराळे. तालुका व जिल्हा लिहिला की शंका उरत नाही.

‘केव्हा’ हा प्रश्न वरकरणी सर्वांत सोपा. पण तारखेने मोठमोठ्यांना चकविले आहे. लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी प्रथम तिरंगा फडकाविला तो कोणत्या दिवशी? पाठ असल्याप्रमाणे उत्तर येते, १५ ऑगस्ट १९४७. वस्तुतः १५ ऑगस्टला दिल्लीत इंडिया गेटजवळील प्रिन्सेस पार्क येथे जाहीर समारंभ झाला, आणि लाल किल्ल्यावरचे ध्वजारोहण झाले ते दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्ट रोजी. पुढील वर्षांपासून ते १५ ऑगस्टलाच होऊ लागले. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या चित्रांखालीही लोक सवयीने १५ ऑगस्ट लिहू लागले. तारीख आठवणीने लिहू नये, टिपणावरून लिहावी, ती यासाठी. मोबाइलवर काढलेल्या चित्राबरोबर दिवस व वेळ आपोआप नोंदली जाते, हे खरे. परंतु यंत्रातील घड्याळ चुकलेले असेल तर नोंदही चुकते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे चित्र पाठविताना ती नोंद पुष्कळदा गळून पडते. नाव तर कोणतेही यंत्र विचारीत नाही. गतवर्षीचे चित्र या वर्षी वापरावयाचे झाल्यास ‘संग्रहित छायाचित्र’ असे स्पष्ट लिहावे. गतवर्षीच्या पुराचे चित्र यंदाचे म्हणून छापणे ही सरळसरळ फसवणूक होय.

आता भाषेकडे वळावयास हरकत नाही. मराठी चित्रओळीचे एक ठरीव रूप आहे: ‘पारितोषिक स्वीकारताना’, ‘सामना जिंकल्यावर जल्लोष करताना’. हे रूप सोयीचे आहे, कारण चित्रातील क्षण थांबलेला असतो आणि ‘-ताना’ हा प्रत्यय त्या थांबलेल्या क्षणाला साजतो. त्यानंतरचे वाक्य मात्र भूतकाळात असावे, कारण सामना किती गुणांनी जिंकला, ही घडून गेलेली गोष्ट आहे. तथापि एका पानावर सहा चित्रे आणि सहाही ओळी ‘-ताना’ने भरलेल्या, असे झाले की पान आळणी होते. त्या वेळी साधे पूर्ण वाक्य लिहावे.

विशेषण ज्याचे त्याच्या शेजारी राहील, याविषयी फार जपावे लागते. एरवी वाक्य थोडे विस्कटले तरी वाचक समजून घेतो. चित्रओळ इतकी आखूड असते की विस्कटलेला शब्द लगेच हास्यास्पद ठरतो. ‘शिंगांना बेगड लावलेल्या बैलांची मिरवणूक पाहताना पाहुणे’ ही ओळ पोळ्याच्या चित्राखाली शोभते. तीच घाईत ‘बैलांची मिरवणूक पाहताना शिंगांना बेगड लावलेले पाहुणे’ अशी झाली, तर पाहुणे पुढच्या वर्षी येतील की नाही, याची शंकाच आहे.

‘मान्यवर’, ‘शुभहस्ते’, ‘उत्साहाच्या वातावरणात’ यांसारखे शब्द कोणत्याही समारंभाच्या चित्राखाली चालतात. म्हणूनच ते कोणत्याही चित्राखाली नकोत. जी ओळ एका चित्राखालून काढून दुसऱ्या चित्राखाली बिनदिक्कत चिकटविता येते, ती दोहोंपैकी एकाचीही नसते. त्याचप्रमाणे चित्रातील माणसाच्या मनात शिरण्याचा मोह आवरावा. कबड्डीचा सामना हरलेल्या संघाचा नायक मान खाली घालून बसला आहे. ‘पराभवाने खचलेला नायक’ असे लिहावेसे वाटते. तो कदाचित पायातील काटा पाहत असेल! विचारल्याखेरीज कळावयाचे नाही. ‘सामन्यानंतर मैदानाच्या कडेला बसलेला नायक’ असे लिहिले, तर चूक होत नाही आणि खचणे-न खचणे वाचक स्वतः पाहून घेतो. कोणी दुःखात असेल, आजारी असेल, तर तेथे आधी परवानगी आणि मग चित्र. आणि त्याची ‘नको’ म्हणण्याची इच्छा असेल, तर चित्रही नाही व ओळही नाही.

ओळीच्या शेवटी कंसात किंवा बारीक अक्षरांत ‘छाया’ असे लिहून ज्याने चित्र काढले त्याचे नाव देतात. विद्यार्थी हे सर्रास विसरतात. लाल किल्ल्यावरील त्या १६ ऑगस्टच्या समारंभाची चित्रे टिपणाऱ्यांत होमाई व्यारावाला होत्या. १९१३ मध्ये नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची चित्रे त्यांच्या पतीच्या, माणेकशा यांच्या नावाने छापली जात. पुढे ‘डालडा १३’ या टोपणनावानेही त्यांची चित्रे येत. त्यांच्या मोटारीचा क्रमांक डीएलडी १३ असा होता, त्यावरून हे गमतीचे नाव पडले. चित्र सर्वांनी पाहिले, चित्र घेणारीचे नाव मात्र वाचकांना ठाऊक नव्हते. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, त्या वेळी त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

चित्र काढणारा चित्रात नसतो, ही गोष्ट एव्हरेस्टच्या प्रसिद्ध चित्राइतकी कोठेच स्पष्ट होत नाही. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी व तेनझिंग नोर्गे हे दोघे जगातील सर्वोच्च शिखरावर पोहोचले. शिखरावरील जे चित्र जगभर छापले गेले, त्यात जाड पोशाख व प्राणवायूचा मुखवटा घातलेला एक वीर हातातील हिमकुऱ्हाड उंचावून उभा आहे. मुखवट्यामुळे चेहरा ओळखू येत नाही, आणि दोघांत हिलरींचे नाव प्रथम घेण्याची लोकांना सवय. त्यामुळे या चित्राखाली ‘एव्हरेस्टवर हिलरी’ असे लिहिलेले अधूनमधून पाहावयास मिळते. शिखरावर उभ्या असलेल्या हिलरींचे एकही छायाचित्र अस्तित्वात नाही. त्या चित्राखालची ओळ अशी हवी:

‘एव्हरेस्टच्या शिखरावर तेनझिंग नोर्गे, २९ मे १९५३, सकाळी साडेअकराचा सुमार. हिमकुऱ्हाडीला संयुक्त राष्ट्रसंघ, ब्रिटन, नेपाळ व भारत यांचे ध्वज. छाया: एडमंड हिलरी.’

अभ्यास

१. इवो जिमाच्या चित्रातील नावे कोणकोणत्या वर्षी बदलली? प्रत्येक बदल कशाच्या आधारे झाला?

२. फ्लॉरेन्स थॉम्सन यांची तक्रार तुम्हांस योग्य वाटते काय? लँग यांच्या बाजूने काय सांगता येईल?

३. पुढील ओळ दुरुस्त करा: ‘पुरात अडकलेले शेळ्यांना बाहेर काढताना ग्रामस्थ व इतर मान्यवर.’ दुरुस्तीपूर्वी तुम्ही कोणाला काय विचाराल, तेही लिहा.

४. घरातील एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील प्रत्येक व्यक्तीचे नाव, स्थळ व वर्ष वडीलधाऱ्यांना विचारून चित्रओळ तयार करा आणि ती मऊ पेन्सिलीने चित्राच्या मागील बाजूस हलक्या हाताने लिहा.